दादरा सुटता सुटेना : तमिळ गाण्यांतला जॅझ वॉल्ट्झ ड्रमवर बसवताना (प्रकल्प नोंदी)

तबल्यावर हात बसलेल्या आणि नंतर ड्रमकडे वळलेल्या माणसाने तीन मात्रांचा जॅझ ठेका, म्हणजे जॅझ वॉल्ट्झ, शिकायला घेतला की काय काय बिघडतं, ते इथे लिहून ठेवतोय. मी मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे नऊ वर्षं चेन्नईत आहे. थिअरीसाठी पुस्तकं आहेत. इथे फक्त काय केलं, कुठे आपटलो आणि किती पैसे गेले एवढंच मिळेल.

रविवार, ८ जून २०२५

ठरलं. इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात ३० ऑगस्टला संध्याकाळी आमच्या चौघांचा कार्यक्रम. त्यात नऊ मिनिटांची एक मेडली, तीन तमिळ चित्रपटगीतं, तिन्ही तीनच्या चालीतली, मधे न थांबता. एक साठच्या दशकातलं, विश्वनाथन–राममूर्ती या संगीतकार जोडीच्या काळातलं. दोन इळैयराजांची, ऐंशीच्या सुरुवातीची. गाण्यांची नावं मुद्दाम देत नाही. नाव दिलं की बोलणं गायकावर आणि हिरोवर जातं, ठेका बाजूला पडतो.

१९९७च्या ‘इरुवर’मध्ये रहमान यांनी आशा भोसलेंकडून जॅझ वळणाचं एक गाणं गाऊन घेतलं होतं. मराठी श्रोते म्हटल्यावर ते घ्या, असा आग्रह झालाच. आमच्या गायिकेने दोन ओळी गुणगुणून पाहिल्या आणि ‘मी ह्या वाटेला जाणार नाही’ म्हणाली. विषय संपला.

मंडळी अशी : कीबोर्डवर एक ‘सार’ (सरांना इथे असं म्हणतात), वय ६८. यांनी उमेदीचा सगळा काळ इथल्या लाइट म्युझिक ट्रूपमध्ये काढला. आपल्याकडे ज्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात, त्याला इथे लाइट म्युझिक म्हणतात. बेसवर चोवीस वर्षांचा मुलगा. गायिका माझ्या ऑफिसातली, लहानपणापासून कर्नाटक संगीत शिकलेली. ड्रमवर मी. तबला आठ वर्षं शिकलोय, ड्रम तीन वर्षं, तेही अधूनमधून. ‘तीन मात्रा म्हणजे आपला दादराच की’ (दादरा म्हणजे तबल्यावरचा सहा मात्रांचा, तीन-तीनचा ताल) असं मी आज सगळ्यांसमोर म्हणालो. सार नुसते हसले. ते हसणं का होतं ते पुढे कळेल.

शनिवार, १४ जून

आठवडा ऐकण्यात गेला आणि त्यातला निम्मा फुकट.

चूक अशी केली : गाण्यातून ड्रम वेगळा काढून देणारं एक सॉफ्टवेअर महिन्याच्या वर्गणीवर घेतलं, ९०० रुपये. म्हटलं, ठेका सुटा ऐकू, लिहून काढू, काम खलास. बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअरवरचे (मांडीसमोरचा चपटा ड्रम) काठीचे फटके त्याने व्यवस्थित वेगळे केले. ब्रश मात्र त्याला कळतच नाही. तारांचा ब्रश स्नेअरवर गोल फिरतो तेव्हा जो ‘सूऽस’ येतो, तो त्याने थोडा गळ्याच्या ट्रॅकवर टाकला, थोडा व्हायोलिनच्या आणि बराचसा गोंगाट समजून गाळून टाकला. दोन संध्याकाळी मी ‘या गाण्यात ड्रमर फक्त पायाने वाजवतोय’ अशा समजुतीत होतो.

साठच्या दशकातलं गाणं मोनो आहे, त्यामुळे डावं-उजवं वेगळं करून ऐकायची सोयही नाही. ऐंशीची दोन्ही स्टिरिओ आहेत, तिथे ती युक्ती थोडी चालली. शेवटी जुनाच उपाय : कान पूर्ण झाकणारे हेडफोन, वेग सत्तर टक्के, हातात पेन्सिल. चार ओळी लिहायला दीड तास लागतो. पण ऐकू येतं.

वादकांचे हात बघायला मिळतील म्हणून ‘सर्व्हर सुंदरम’ (१९६४) काढला. त्यातल्या एका गाण्यात रेकॉर्डिंगचाच प्रसंग आहे, एम. एस. विश्वनाथन स्वतः पडद्यावर दिसतात. बघायला मस्त, पण माझ्या कामाचं नाही. शूटिंगमधले हात आवाजाशी जुळतील याची हमी कोण देणार? एक तास त्यात गेला, त्याचं दुःख नाही.

रविवार, २२ जून. पहिली तालीम

वडपळनीच्या गल्लीतली खोली, तासाला ४०० रुपये, तीन तास. एसी चालू केला की बेसच्या अँपमधून घूं आवाज येतो, म्हणून बंद. जून महिना आणि चेन्नई, पुढचं सांगत नाही.

पहिलं गाणं सुरू केलं. आठ बार (तीन मात्रांचं एक आवर्तन म्हणजे एक बार) झाले असतील, सारांनी हात वर केला.

“तंबी (धाकट्या भावा), हे काय वाजवतोयस?”

“थ्री-फोर, सार.”

“इदु दादरा.” हा दादरा आहे.

हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांत त्यांनी आयुष्यभर दादरा ऐकलाय, त्यांच्यापासून काय लपणार. मी म्हटलं, तीनच मोजतोय. ते म्हणाले, तोंडाने तीन मोजतोयस, हात दोन मोजतायत. मग त्यांनी फोनवर माझंच रेकॉर्डिंग करून मला ऐकवलं. खरंच. प्रत्येक बारच्या बरोबर मध्यावर माझा उजवा हात एक बारीकसा धक्का देत होता. धा धिं ना, धा तिं ना. दुसरा ‘धा’ सुटत नव्हता.

घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. बारची लांबी तीच, कापायची पद्धत वेगळी :

दादरा : दोन तुकडे, प्रत्येकात तीन.
साधा वॉल्ट्झ : तीन तुकडे, प्रत्येकात दोन.
जॅझ वॉल्ट्झ : तीन तुकडे, प्रत्येकात तीन. म्हणजे नऊ.

पाटी-पेन्सिल घेऊन सहा महिने बसलो असतो तरी तबल्याच्या अंगाने हे मला सुचलं नसतं, कारण मी सहाच्या बाहेर जातच नव्हतो.

सारांनी दोन गोष्टी ऐकायला सांगितल्या. जॅझ ड्रमर मॅक्स रोचचा १९५७चा अल्बम, सगळा तीन मात्रांचाच. आणि सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनचं १९६०मध्ये रेकॉर्ड झालेलं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’, त्यात ड्रमवर एल्विन जोन्स. “आधी राइड (ठेका धरणारी मोठी झांज) ऐक, मग हायहॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) ऐक, मग दोन दिवस काहीच ऐकू नकोस,” असं म्हणाले. तिसरी सूचना मी पाळली नाही.

रविवार, २९ जून

आज तालीम नाही. गायिकेचा मेसेज आला होता : ‘सोपं आहे, रूपकम धरा आणि तिश्र नडै ठेवा.’ मला वाटलं, अरे वा, ओळखीचं नाव! रूपक म्हणजे ती ती ना धी ना धी ना. सात मात्रा. तीनच्या गाण्यात सात कशा बसवायच्या, यावर मी मंगळवार ते शुक्रवार रोज रात्री डोकं आपटलं. एका क्षणी तर मला वाटलं की बसतंय. खोटं नाही, दर सातव्या बारला सम जुळत होती आणि मी खूश होतो.

शनिवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये तिला विचारलं. तिने हातावर करून दाखवलं : टाळी, टाळी, वीचु. वीचु म्हणजे हात उलटा फिरवणं, आपली खाली म्हणा. तीन मोजण्या. त्यांचा रूपकम आणि आपला रूपक हे नावापुरतेच भाऊ. त्या प्रत्येक मोजणीत तिने तोंडाने ‘तकिट’ घातलं, हीच तिश्र नडै. तकिट, तकिट, तकिट. नऊ!

चार रात्री गेल्या त्या गेल्या. पण मिळालं ते घसघशीत, कारण ‘तकिट’ला तबलजीची जीभ लगेच सरावते. आता राइड सिंबलचा मूळ ठेका असा लिहिला :

त कि ट । त कि ट । त कि ट
डिं – – । डिं – ग । डिं – –

म्हणजे पहिल्या ‘त’वर, दुसऱ्या ‘त’वर, दुसऱ्याच्याच ‘ट’वर आणि तिसऱ्या ‘त’वर. डिं, डिं-ग डिं. डाव्या पायाचा हायहॅट फक्त दुसऱ्या ‘त’वर. मी आधी दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर दोन्हीकडे पाय मारत होतो. तसं वाजवणारे आहेत, पण आमच्या गाण्यात ते लग्नाच्या बँडसारखं ‘बूम-चिक-चिक’ ऐकू येतं आणि हवेत तरंगणारं गाणं खुर्चीवर बसतं.

बुधवार, २ जुलै

संगणकावर ठेका टाकून त्याच्यावर सराव करायचा म्हटलं. इथे पुन्हा माती खाल्ली, पण ही चूक सगळ्यात शिकवणारी निघाली, म्हणून सविस्तर लिहितो.

एल्विन जोन्सचं ऐकून वाटलं की तो पहिल्या मात्रेवर आणि नंतर बारच्या मध्याजवळ कुठेतरी एक ठोका उठवतो. तो दुसरा ठोका मी संगणकावर टाकला आणि सवयीने ‘ओळीत आणा’चं बटण दाबलं. ऐकलं तर परत दादरा! मी वाजवलेला नसतानाही दादरा. म्हणजे दोष फक्त माझ्या हाताचा नव्हता.

हिशोब केला. वेग मिनिटाला १५० मात्रा. एक मात्रा ४०० मिलिसेकंद, बार १,२०० चा. बारचा बरोबर मध्य ६०० वर. संगणकाने ठोका तिथे नेऊन ठेवला होता. पण तकिटच्या हिशोबात तो ठोका दुसऱ्या ‘ट’वर आहे, म्हणजे नवातल्या सहाव्या घरात. त्याच्या आधी पाच घरं सरलेली. एक घर साधारण १३३ मिलिसेकंदाचं. म्हणून तो ६६७ च्या आसपास पडतो. फरक ६७ मिलिसेकंद. डोळ्याची पापणीही त्यात लवत नाही. पण ६०० वर ठेवलं की दादरा आणि ६६७ वर ठेवलं की गाणं पुढे झुकतं, पाऊल उचलल्यासारखं होतं.

तीन दिवस मी तेवढंच केलं. प्रॅक्टिस पॅडवर पहिला ठोका, मग ‘ट’ची वाट बघायची. हात मध्यावर उडी मारायला बघतो, त्याला धरून ठेवायचं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात विचारलं, घरात सुतारकाम चाललंय का? पॅडखाली जुनी गोधडी घडी करून घातली, तक्रार थांबली.

वेग वाढवला की हे अंतर आपोआप कमी होतं, जॅझ ड्रमरही जलद लयीत सपाटीकडे झुकतात. म्हणून १८० च्या पुढे फार काटेकोर राहू नका. आमचं तिसरं गाणं १७६ ला आहे, तिथे मी मोजणंच सोडलं.

शनिवार, ५ जुलै

माउंट रोडवर म्युझी म्युझिकलमध्ये गेलो. दुकान १८४२ पासूनचं, आत गेलं की पियानोंच्या रांगेत आपोआप आवाज खाली येतो. तारेचे ब्रश घेतले, १,६५० रुपये. घरी आलो, स्नेअरवर फिरवले आणि काही नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही. काचेवर झाडू फिरवावा तसं.

कारण माझ्या स्नेअरवर गुळगुळीत पारदर्शक हेड, म्हणजे वरचा पडदा, होतं. ब्रशला खरखर लागते. पांढऱ्या लेपाचं, हाताला बारीक सॅंडपेपरसारखं लागणारं हेड हवं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. परत बसने माउंट रोड. हेड १,२०० रुपये. चढवताना आठही बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळायचे, हे तबल्याच्या लाकडी गट्ट्यांमुळे अंगवळणी होतं, तिथे तरी तबला उपयोगी पडला.

डावा हात गोल फिरतो, एका बारमध्ये एक वर्तुळ. उजवा वर राइडचाच ठेका टिपतो. वर्तुळ कुठे सुरू करायचं यावर बराच घोळ झाला. मला जमलं ते असं : पहिल्या मात्रेला ब्रश माझ्यापासून लांबच्या कडेला, तिसऱ्या मात्रेला पोटाजवळ. वर्तुळाचा वेग सारखा ठेवला की आवाज सपाट येतो. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे किंचित ओढलं की ‘सूऽऽस’ला कमान येते. एका रात्री पंखा बंद करून, दिवा मालवून फक्त हेच ऐकत बसलो. अंधारात चूक जास्त ऐकू येते.

रविवार, १३ जुलै. दुसरी तालीम

राइड सारांना पसंत. “परवाइल्लै,” म्हणाले. चालेल, बरं आहे. या माणसाकडून एवढं मिळालं म्हणजे आमच्याकडे पेढे वाटतात.

नवीन भानगड : सुरुवात. मी ‘वन टू थ्री, वन टू थ्री’ मोजून देतो आणि गायिका चुकते. तीनदा झालं. चूक तिची नव्हती. या गाण्याची पल्लवी, म्हणजे मुखडा, पहिल्या मात्रेवर उठतच नाही, दुसऱ्यावर उठते. त्याला ती एडुप्पु म्हणते. समेपासून किती अंतरावर उचल आहे ते. मी दोन पूर्ण बार मोजले की तिसऱ्याच्या पहिल्या मात्रेवर सगळे एकदम पडतात, तिला शिरायला दारच उरत नाही.

उपाय : एक बार मोजायचा, दुसऱ्या बारची फक्त पहिली मात्रा बास ड्रमवर द्यायची आणि गप्प बसायचं. ती ‘धप्प’ ऐकते, श्वास घेते, दुसऱ्यावर उठते. करून बघितलं आणि अंगावर काटा आला. गाण्यातली ती हलकी झुळूक नुसती राइडमध्ये नाहीये. गायक समेला मुद्दाम चुकवून पाऊल टाकतो, त्यातही आहे. तमिळ शब्दांत ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर असतात, दीर्घ अक्षर दोन घरं खातं. गायिकेने एक ओळ नुसती बोलून दाखवली, सूर न लावता, तरी ठेका ऐकू आला.

रविवार, २० जुलै. तिसरी तालीम

आजची चूक हौसेची. जुन्या जॅझ रेकॉर्डवर राइड सिंबलला खिळे ठोकलेले असतात, त्याने ठोक्यानंतर बराच वेळ ‘श्शऽऽऽ’ राहतं. तशीच एक सेकंडहँड सिंबल ७,५०० ला मिळाली. विकणारा वॉल्ट्झसाठीच बनलीय म्हणाला. खोलीत वाजवली. पहिल्या गाण्यात स्वर्ग. दुसऱ्या गाण्यात गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ सगळे त्या धुरात गायब. बेसवाला म्हणाला, अण्णा, गाण्याच्या मागे कुणी तरी सतत भजी तळतंय.

(‘अण्णा’ म्हणजे त्यांच्याकडेही मोठा भाऊच. पहिल्यांदा त्याने हाक मारली तेव्हा मला वाटलं, हा मराठी आहे.)

आठ दिवसांत विकली, ५,००० आले. जुन्याच वीस इंची राइडच्या खालून कापडी टेपचा एक बोटभर तुकडा चिकटवला, तेवढ्याने काम झालं. टेप घरातलीच.

रविवार, ३ ऑगस्ट. चौथी तालीम

मधे एक रविवार गेला, बेसवाला गावी होता, त्यामुळे आज त्याच्याशी पहिल्यांदा नीट जुळवलं. तो आणि मी दोघंही ‘एक’ जोरात दाखवत होतो. गाडीला दोन ड्रायव्हर. शिवाय तो दुसऱ्या ‘ट’वर एक सूर टाकत होता, माझा बास ड्रमही तिथेच, त्यामुळे ते ६६७ वालं नाजूक प्रकरण दोघांच्या दहा-वीस मिलिसेकंदांच्या फरकात चेंगरत होतं.

सारांनी एक जुनी शिस्त सांगितली : एकाने सांगायचं, दुसऱ्याने मान डोलवायची. त्यांनी एका कागदावर पाच रेघा ओढून दोघांचं लिहूनच दिलं. इळैयराजा स्वतः सगळ्या वाद्यांचं स्टाफ नोटेशनमध्ये लिहून वादकांना देतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्या शहरात वाढलेल्या वादकाला ‘बघू, वाजवताना जमेल’ हा प्रकार पटत नाही. बेसकडे ‘एक’ आणि दुसरा ‘ट’. माझा बास ड्रम पहिल्या मात्रेवर, पण इतका हलका की ऐकू न येता जाणवावा. मी पायातला बूट काढला, अनवाणी वाजवलं. लगेच फरक.

रविवार, १० ऑगस्ट. पाचवी तालीम

मंडळातल्या एका काकांना तबला वाजवायचाय. नाही म्हणणं शक्य नव्हतं. वर्गणी तेच गोळा करतात. आणि खरं सांगायचं तर त्या काळच्या तमिळ गाण्यांत ड्रम सेट, गिटार, व्हायोलिनचा ताफा आणि त्यातच तबला, हे सुखाने नांदतातच. मग आम्हाला का जमू नये?

जमेना. काका सुंदर वाजवतात, पण सहात. मी नवात. प्रत्येक बारच्या मध्यावर त्यांचा ‘धा’ आणि त्याच्या मागे ६७ मिलिसेकंदांनी माझा ठोका. एकाच जिन्यावरून दोघं धावत उतरतायत असं. काका म्हणाले, “तू मागे पडतोयस रे.” काका, मी दोन महिने मागे पडायलाच शिकतोय, हे त्यांना कसं सांगू?

दोन तास गेले. काकांना नवात आणायचा प्रयत्न केला, त्यांनी तकिट तकिट अचूक म्हटलं आणि डग्ग्यावर हात पडताच पुन्हा दादरा. मला माझा जून महिना आठवला.

मग सारांनी मूळ रेकॉर्ड पुन्हा लावली आणि आम्हाला गप्प बसून ऐकायला लावलं. ऐंशीच्या गाण्यात तबला येतो चरणममध्ये, म्हणजे अंतऱ्यात. आणि तो आला की ड्रम सेट जवळजवळ निघून जातो! राइड थांबते, फक्त बारीक हायहॅट, तोही सपाट, झुकाव नसलेला. चरणम संपलं, व्हायोलिन आले की तबला थांबतो आणि राइड परत झुकायला लागते. मी हे गाणं किमान दोनशे वेळा ऐकलं असेल. फक्त ड्रम ऐकत होतो, त्यामुळे ड्रम नसलेली जागा ऐकलीच नव्हती.

तसंच बसवलं. चरणम काकांचं, मध्य ६०० वर, शुद्ध दादरा. इंटरल्यूड, म्हणजे मधला वाद्यांचा तुकडा, माझं. नवातून सहात जाताना एक बार मी फक्त पहिली मात्रा वाजवतो, बाकी रिकामा. त्या रिकाम्या बारमध्ये दोघांनाही आपापली बेरीज करायला वेळ मिळतो. काका खूश. मी जास्त.

रविवार, १७ ऑगस्ट. सहावी तालीम

पावसाने अर्धी. एक तास वीज नव्हती, अँप बंद, पैसे मात्र तीन तासांचेच द्यावे लागले. अंधारात फक्त ब्रश, तबला आणि गळा असं वाजवलं, रेकॉर्ड करायला हवं होतं.

रविवार, २४ ऑगस्ट. शेवटची तालीम

पूर्ण मेडली तीनदा. रेकॉर्डिंग घरी तपासलं : पहिलं गाणं १५० ला सुरू होतं आणि संपतं १६३ ला. तीनच्या चालीत धावायला फार सोपं, उतारावरची सायकल. कानात मेट्रोनोम लावला तर टकटकीने झुकाव मरतो, हात पुन्हा चौकोनी होतो.

उपाय सापडला तो साधा. फोनवरचा मेट्रोनोम मूक ठेवायचा, फक्त दिवा लुकलुकतो, तोही प्रत्येक मात्रेला नाही, बारला एकदा. म्हणजे वेग ५० ला लावायचा. दोन लुकलुकींच्या मधे काय करायचं ते माझं मी बघतो. आता शेवटी १५३. पुरे.

शनिवार, ३० ऑगस्ट. कार्यक्रम, आणि रात्रीची नोंद

खर्च आधी, विसरण्यापूर्वी. सॉफ्टवेअर ९००. ब्रश १,६५०. हेड १,२००. सिंबलमधला तोटा २,५००. खोली : सात तालमी, तीन-तीन तास, ८,४०० चे चार भाग, माझे २,१००. ड्रम नेण्या-आणण्याचा टेंपो १,२००. एकूण ९,५५०. सॉफ्टवेअर आणि सिंबल टाळली असती तर ६,१५० त भागलं असतं. वेळ : रोज साधारण चाळीस मिनिटं, सुट्टीला जास्त. सातच्या रूपकात गेलेल्या चार रात्री धरलेल्या नाहीत.

कार्यक्रम. हॉलमध्ये प्रतिध्वनी फार, ब्रश पाचव्या रांगेपलीकडे पोचलेच नसावेत. पहिल्या गाण्यानंतर ब्रश खाली ठेवून बारीक काठ्या घेतल्या. दुसऱ्या गाण्याची उचल गायिकेने अशी घेतली की मी एक बार वाजवायचाच विसरलो. कुणाला कळलं नाही, सारांना कळलं. रिकामा बार दोनपैकी एकदा नीट गेला. दुसऱ्यांदा काकांनी तो उत्साहाने भरून काढला.

तिसरं गाणं सुरू झालं आणि लोकांनी टाळ्यांचा ताल धरला. दीडशे-दोनशे माणसं, पुढच्या रांगेत आरतीला टाळ वाजवून आलेल्या काकू. बारला दोन टाळ्या. एक पहिल्या मात्रेवर आणि दुसरी, अर्थातच, बरोबर मध्यावर. अख्खा हॉल दादऱ्यात आणि मी एकटा ‘ट’वर. दोन ओळी मी टिकलो. मग कीबोर्डकडे पाहिलं. सारांनी खांदे उडवले, ओठांनी म्हणाले, “सरी (बरं), तंबी, दादरा.”

शेवटची पल्लवी दादऱ्यात झाली. काका तर असे सुटले की दोन आवर्तनं जास्तच वाजवून गेले.

आवराआवर करताना पाहिलं, स्नेअरच्या हेडवरचा लेप ब्रशच्या वर्तुळात घासून निघालाय. आठ आठवड्यांत एवढा. लांबच्या कडेला आणि पोटाजवळ सगळ्यात जास्त. नवीन हेड लावायच्या आधी त्याचा फोटो काढून सारांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं : ‘पुढच्या वेळी पाच मात्रा.’